दार लावा!

अळंबी पिकवणारा माणूस तुमच्याही नात्यात नाहीतर मजल्यावर एखादा असेलच. निवृत्तीनंतर कुणीतरी त्याला सांगतं, ‘एक रिकामी खोली पुरते हो, कष्ट काहीच नाहीत,’ आणि तेव्हापासून तो माणसातून उठतो. त्याच्या घरी पाव मिळत नाही, कारण पावाला बुरशी येते. दही मिळत नाही, कारण विरजण म्हणजे जंतूंचा अड्डा. केळ्यांचा घड जिन्यात टांगलेला असतो. लग्नात भेटला तर नवरा-नवरी राहतात बाजूला, हा मोबाइलवर पिशव्यांचे फोटो पुढे करून कानात विचारतो, “इथे कोपऱ्यात हिरवं दिसतंय का काही? खरं सांगा.”

आमच्या वाट्याला आलेला नमुना लखनौचा. गोमतीनगरात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, इथल्या समस्त मराठी मंडळींचे अण्णा. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या खोलीत धिंगरी अळंबीच्या पिशव्या टांगल्या गेल्या. त्या दिवसापासून अण्णांचं बोलणं दोन शब्दांवर आलं आहे: “दार लावा!”

तसं अण्णांचं चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे. गव्हाचं काड भिजवून, पासष्ट ते सत्तर अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून, निथळून त्यात बियाणं भरलं की पुढचे पंधरा-वीस दिवस पिशवीत शर्यत चालू असते. त्या काडावर धिंगरीचा जेवढा डोळा, तेवढाच ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीचा. ही बया सुरुवातीला पांढरीच असते, घरातलीच वाटते. हिरवी दिसू लागते तेव्हा तिचे बीजाणू तयार झालेले असतात आणि एका झुळकीसरशी ते शेजारच्या पिशवीवर जाऊन बसतात. म्हणून झुळूक नको. म्हणून पंखा बंद, खिडकीला बारीक जाळी, दाराच्या फटीत ओला पंचा. आणि म्हणून “दार लावा!”

आता हे शास्त्र नाशिकला किंवा नागपूरला पाळता येईलही. लखनौत दार लावणं ही सामाजिक आपत्ती आहे. इथे पाहुणा ‘चलता हूँ’ म्हणतो तेव्हा खऱ्या गप्पांना सुरुवात होते. एक पाय आत, एक पाय बाहेर, हात कडीवर, अशा अवस्थेत मुलीचं लग्न, गुडघेदुखी आणि नवाबांच्या काळातला एखादा किस्सा, इतकं सगळं होतं. यजमान अदबीनं मान डोलावतो. अण्णा फक्त त्या कडीकडे बघत असतात.

गेल्या थंडीत शेजारचे दोन बुजुर्ग धिंगरी बघायला आले. येताना चौकातून मक्खन-मलाई घेऊन आले, कारण ती थंडीतच मिळते आणि रिकाम्या हातानं कुणाकडे जाणं लखनौच्या रीतीत बसत नाही. अण्णांनी मलाई बाहेर ठेवायला लावली, दोघांना साबणानं हात धुवायला लावले आणि वर अल्कोहोलचा फवारा मारला. (“सत्तर टक्के! शंभर नाही. थोडं पाणी असलं तरच ते जंतूच्या आत शिरतं, नाहीतर वरच्यावर उडून जातं.”) इतकं होऊन खोलीचं दार उघडलं आणि पहिले बुजुर्ग थबकले. “पहले आप।” दुसरे म्हणाले, “अरे नहीं, पहले आप।” दार सताड उघडं. पहिल्यांनी छातीवर हात ठेवला, दुसऱ्यांनी मान लववली. अण्णांनी दोघांना पाठीमागून एकदम आत ढकललं आणि ओरडले, “दार लावा!” पुढच्या आठवड्यात दारालगतच्या पिशवीवर हिरवा डाग दिसला. अण्णांच्या वहीत त्यापुढे कारण लिहिलंय: ‘पहले आप’.

भातखंड्यांनी १९२६ मध्ये इथे संगीताचं विद्यालय काढलं, तेव्हापासून मराठी माणूस म्हटला की लखनौकर आदरानं गाण्याचा विषय काढतात. आता आमच्या गल्लीतल्या पोरांना मराठी म्हणजे अण्णांचे ते दोन शब्दच ठाऊक आहेत. सकाळी शाळेत जाताना ती अण्णांना हात उंचावून म्हणतात, “दार लावा, अंकल!” त्यांना तो नमस्कार वाटतो. अण्णाही तितक्याच गंभीरपणे मान हलवतात.

नाशिकचे मेव्हणे आले तेव्हा तर युद्धच झालं. मेव्हणे द्राक्षबागायतदार. मुळं कुजवणाऱ्या रोगांवर उपाय म्हणून ते ट्रायकोडर्मा पाकिटानं विकत आणतात आणि शेणखतात मिसळून बागेत घालतात. ही माहिती त्यांनी चहा घेताना सहज दिली. अण्णांचा कप हातातच राहिला. मेव्हण्यांच्या चपला खाली वॉचमनकडे गेल्या, बॅग गच्चीवर उन्हात गेली आणि मेव्हणे, डिसेंबरच्या धुक्यात, दुसऱ्यांदा अंघोळीला गेले. मुलानं पुण्याहून फोनवर समजूत घालायचा प्रयत्न केला की, बाबा, १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या बशीत अशीच नको ती बुरशी शिरली, म्हणून तर पेनिसिलिन सापडलं. अण्णा म्हणाले, “त्याला नोबेल मिळालं, कारण त्याला अळंबी पिकवायची नव्हती.”

अण्णा नास्तिक आहेत, पण हिमाचलात सोलनला अळंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था असल्यामुळे तिकडे पाय करून झोपत नाहीत. त्यांच्या आईचं सोवळं कडक होतं. शाळेतून आलेल्या अण्णांना शर्ट काढल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे, आणि त्या सोवळ्याची टिंगल करण्यात त्यांची सगळी तरुणाई गेली. आता खोलीचे कपडे वेगळे, खोलीच्या चपला वेगळ्या. भाजी मंडईतून आलेल्या माणसाला त्या दिवशी प्रवेश नाही. काकू म्हणतात, “सासूबाई परत आल्यात. या खेपेला मिशा घेऊन.”

आणि इतकं करूनही पिशव्या हिरव्या होतातच. अण्णा मंडईला दोष देतात, गोमतीवरच्या वाऱ्याला देतात, वरच्या मजल्यावरच्या लोणच्याला देतात. खरं कारण काकूंना ठाऊक आहे. दार नीट लागलंय की नाही हे बघायला अण्णा दर अर्ध्या तासानं दार उघडतात.

त्या घरात ज्यांच्या पिशव्या कधी हिरव्या होत नाहीत अशी एकच व्यक्ती आहे: झाडूपोछा करायला येणाऱ्या दीदी. नखं कापलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले. काड मुठीत दाबतात. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर भरतात, धार लागली तर पुन्हा पसरतात, कारण जास्त ओलं काड आंबतं आणि त्याला वास मारतो. पिशव्या भरतात, बांधतात, बाहेर येतात, दार लावतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे ढुंकून बघत नाहीत. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे. काकूंकडे नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक सद्गृहस्थ राहतात. त्यांच्या घरीही याच दीदी काम करतात. तिथे दीदींचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. एका रविवारी ते धिंगरी घ्यायला आले आणि पाकीट हातात घेता घेता त्यांनी हळूच विचारलं, “भाई साहब, ये सब किसके हाथ का है?”

अण्णांनी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. मग लखनौत इतकी वर्षं काढून कमावलेल्या सगळ्या अदबीनं म्हणाले, “जनाब, उनके हाथ का, जिनके हाथ आपके हाथों से साफ़ हैं।” फवाऱ्याची बाटली उचलली आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांवर सत्तर टक्के मारलं. सद्गृहस्थ लाल झाले. पाकीट मात्र घेऊन गेले. सोवळं साधारण पाव किलोपर्यंत टिकतं.

त्या दिवसापासून मला अण्णांचा राग येणं कमी झालं आहे. पूर्ण गेलेला नाही. माझ्या घरचं दही त्यांनी एकदा वासावरून नापास केलं होतं.

पुढे दीदींनी स्वतःच्या घरी, पलंगाशेजारी पडदा लावून चार पिशव्या टांगल्या. अण्णा मोठ्या उत्साहानं बघायला गेले. वाटेत, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून, मंडईतून मटार घेतले. दीदींनी उंबऱ्यावरच मटारांच्या पिशवीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अण्णाजी, आप मंडी से आ रहे हैं। आज नहीं।” आणि दार लावून घेतलं.

स्वतःच्याच नियमानं बाहेर काढले गेलेले अण्णा मटारांसह परतले ते मुलगा बोर्डात आल्याच्या थाटात. ‘माझी शिष्या!’ म्हणत त्यांनी ही हकीकत सगळ्या गोमतीनगरात सांगितली, आणि जिथे सांगितली तिथे पुन्हा जाऊन सांगितली. आमच्याकडेही येतात. ‘निघतो’ म्हणून उठतात, आणि एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून, जानेवारीच्या थंडीत आमचं दार सताड उघडं टाकून ती पहिल्यापासून सांगायला लागतात.