आयपी फर्ममध्ये चार आठवडे कसे काढावेत

सर्वप्रथम घरच्यांना कळवावे. आयपी म्हणजे बौद्धिक संपदा, पण ‘आयपी फर्ममध्ये इंटर्नशिप’ म्हटले की आत्याला आयपीएस ऐकू येते आणि काकांना आयपीएल. कोणाचाही गैरसमज दूर करू नये. खुलासा केल्यावर किंमत उतरते, आणि ट्रेडमार्कचा निम्मा कायदा अशाच ऐकण्यावर उभा आहे.

मुदतीची चिंता नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप लागते. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. पाचव्या आठवड्यात इंटर्न उपयोगी पडू लागतो, हा धोका नियम करणाऱ्यांनी वेळीच ओळखलेला दिसतो. त्याच नियमांत पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट, इतकेच काय, काळे मोजेही सांगितले आहेत. मे महिन्यात चर्चगेटहून फोर्टात चालत जायचे असते, हे तेवढे सांगायचे राहिले. कोट हातावर न्यावा, लिफ्टमध्ये चढवावा.

बसायला कॉन्फरन्स रूम मिळेल. अशील आले की उठावे. तुमचे नाव कोणी विचारणार नाही; ‘इंटर्न’ म्हटले की ओ द्यावी.

आता मुख्य काम. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघते आणि ते इंटर्नच्या वाट्याला येते. आपल्या अशिलाच्या नावाशी मिळतेजुळते नाव कोणी टाकले आहे का, ते पानोपान पाहायचे. सापडले तर प्रसिद्धीपासून चार महिन्यांत विरोध दाखल करायचा. मालाचे आणि सेवांचे मिळून वर्ग ४५. अशील मसालेवाला असेल तर वर्ग ३०. तो लोणचीही विकत असेल तर वर्ग २९ आला, आणि त्याच्या मुलाने हॉटेल काढले असेल तर ४३. दुपारपर्यंत ‘श्री’, ‘न्यू’ आणि ‘रॉयल’ यांच्यापलीकडे या देशात चौथे नाव नाही अशी खात्री पटते. चारच्या चहाला सगळी नावे एकच वाटू लागतात. घाबरू नये, तुमची तयारी होत आली आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कसोटी लावली ती सर्वसाधारण बुद्धीच्या, अर्धवट आठवणीच्या गिऱ्हाइकाची. अमृत कुठे नि लक्ष्मण कुठे, असे तुमचे मराठीचे सर म्हणतील. पण हे गिऱ्हाईक नावाची फोड करत बसत नाही. तेव्हा फर्मला तुमच्या बुद्धीची गरज नाही असे समजू नये. ती सर्वसाधारण असेल तर पुराव्याइतकी मोलाची आहे.

दुसऱ्या आठवड्यात तपासणी अहवालाला उत्तर लिहायला देतील. समजा, अशिलाला जिलेबीसाठी ‘केशरी जिलेबी’ हे नाव हवे आहे आणि रजिस्ट्रीने कलम ९ दाखवून ते निव्वळ वर्णन असल्याचे कळवले आहे. आपण लिहायचे: ‘सदर चिन्ह मालाचे वर्णन करीत नसून केवळ सूचक आहे.’

“मॅडम, पण जिलेबी केशरीच आहे ना?”

“ते रजिस्ट्रार बघतील. उत्तराच्या मुदतीचा महिना कधी संपतोय?”

उद्या.

पेटंट विभागात सहसा पाठवत नाहीत. पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. तरी पाठवलेच, तर एक दावा वाचून पाहावा. तो कितीही लांब असला तरी एकाच वाक्यात लिहायची पद्धत आहे. पूर्णविराम येईपर्यंत डबा गार होतो.

वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. ती कसर इंटर्नने लिंक्डइनवर भरून काढावी, अशिलाचे नाव मात्र लिहू नये.

शेवटच्या शुक्रवारी प्रमाणपत्राचा मसुदा तुम्हालाच करायला सांगतील, सहीपुरते काम सीनियर करतील. संकोच न करता ‘अत्यंत मेहनती’, ‘सूक्ष्म निरीक्षणशक्ती’ वगैरे लिहावे. फक्त कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १७ आधी वाचून घ्यावे. नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली केलेल्या लेखनाचा पहिला मालक, उलट काही ठरले नसेल तर, कामावर ठेवणारा असतो. त्यामुळे तुम्ही स्वतःची केलेली स्तुती फर्मच्या मालकीची आहे, असे उद्या कोणी म्हणाले तर वाद घालता येईल. त्यासाठी चांगला वकील बघावा लागेल.