बिनसातबाऱ्याचे मालक

मार्सेय शहराच्या दक्षिणेला चुनखडीचे पांढरेशुभ्र कडे थेट भूमध्य समुद्रात उतरतात. त्यांच्या बेचक्यांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांना तिकडे 'कालांक' म्हणतात. प्रत्येक कालांकला एक मालक असतो. सातबारा त्याच्या नावावर नसतो. एक सपाट खडक तेवढा असतो.

सूजितोन नावाच्या कालांकचे मालक सत्तरीचे. लुमिनीच्या बसथांब्यावरून पायपीट करत ते सकाळीच येऊन खडकावर ठाण मांडतात. वरून कोणी उतरताना दिसलं की उसासा टाकतात, "आला आणखी एक पॅरिसवाला!" येणारा लिआँचा असो की लातूरचा, मार्सेयबाहेरचे सगळे त्यांच्या लेखी पॅरिसचेच.

"आमच्या वेळी इथं चिटपाखरू नसायचं. मी एकटा यायचो, मी आणि माझे वीस मित्र."

मार्सेयच्या बंदराचं तोंड एकदा एका तारलीने अडवलं, असं सांगणाऱ्या गावचे ते नागरिक. शेजारच्या मॉर्जिऊजवळ, समुद्राखाली 37 मीटरवर तोंड असलेल्या गुहेतली आदिमानवाची चित्रं पाणबुड्या आँरी कोस्केरने 1991 मध्ये जगासमोर आणली. मालक म्हणतात, "मला ठाऊक होती. बोललो नाही. उगाच गर्दी झाली असती."

मिस्त्राल वारा वाहिला की वरचं ऊबदार पाणी आत समुद्रात ढकललं जातं आणि खालचं गारढोण वर येतं. अशा दिवशी कोणी विचारलं, की मालक दिलदारपणे सांगतात, "कोमट आहे, मारा उडी!" मग किंकाळी ऐकून त्यांचा चेहरा खुलतो.

उन्हाळ्यात एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसं येऊ लागली. पायांखाली माती झिजली, पाइनची मुळं उघडी पडली. अखेर 2022 मध्ये या परिसराच्या राष्ट्रीय उद्यानाने ऐन हंगामात रोज 400 जणांची मर्यादा घातली. आरक्षण मोफत, पण सक्तीचं. "सरकारला माझं पटलं!" म्हणून मालकांनी त्या दिवशी दोन पेले पास्तिस जास्त घेतला.

पुढच्याच खेपेला वाटेवरच्या रक्षकाने त्यांच्याकडेच कोड मागितला. तेव्हापासून नात आरक्षण काढून देते. मालक खडकावर बसतात, पण उसाशांना पूर्वीची धार राहिलेली नाही. तुरळक माणसं येतात, शिस्तीत पोहतात, निघून जातात.

हल्ली ते रक्षकाला गाठून समजावतात, "चारशे फारच कमी होतात हो. हजार तरी सोडा. त्याशिवाय गर्दी वाढली असं म्हणता येत नाही."