ऊन फुकट, व्याज रोख
जगातल्या सौरऊर्जेच्या सर्वोत्तम जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली सांगितलं. तिथे उभारलेली सौरक्षमता मात्र जगाच्या जेमतेम १ टक्का. दोष सूर्याचाच असणार! खरी अडचण पैशाची आहे. कोळसा हप्त्याहप्त्याने विकत घेता येतो. सौर प्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच, म्हणजे बहुधा कर्ज काढूनच करावा लागतो. ते कर्ज गरीब देशांना श्रीमंतांच्या दुप्पट-तिप्पट दराने मिळतं. तिथे जोखीम फार, असं सावकार म्हणतात. खरंच आहे, तिथल्या कित्येक वीजकंपन्या कंगाल आहेत. पण कर्ज डॉलरमध्ये आणि बिलाची वसुली झांबियाच्या क्वाचामध्ये, ही सोय कुणाची? क्वाचा घसरला की परतफेड फुगते, आणि त्या फुगवट्याकडेच बोट दाखवून पुढच्या कर्जाचा दर चढतो. वर हवामान परिषदेत याच देशांना विचारायचं, तुमची राजकीय इच्छाशक्ती कुठे आहे?