आधी खुर्ची काढा

राजकीय व्यंगचित्रकार व्हायचं ठरवलंत, अभिनंदन. घरी मात्र एवढ्यात सांगू नका. कोणी विचारलंच तर 'पेपरात आहे' म्हणावं. ते खोटं नाही, आणि ऐकणारे तुम्हाला उपसंपादक समजून पुढचं विचारत नाहीत.

चित्रकला यावी लागते का, हे प्रत्येक नवशिका विचारतो. येत असेल तर फारसं बिघडत नाही. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. आता नकार आला की आपणही लक्ष्मण, असा हिशेब मांडू नका. नकार मिळालेले पुष्कळ, लक्ष्मण एकच. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि चित्रं नोकरी सांभाळून काढत. मला विचाराल तर हा मार्ग उत्तम. पगार सिमेंटकडून घ्यावा, म्हणजे रेघ मोकळी राहते.

हात बसवायचा तो खुर्चीवर. नेते नंतर. खुर्चीला चार पाय, दोन हात आणि एक पाठ असते, आणि बसणारा बदलला तरी ती पुन्हा काढावी लागत नाही. खुर्ची जमली की पावसाळ्यासाठी खड्डा, मग कांदा, मग पोटावर 'महागाई' लिहिलेला राक्षस. पोटावर नाव लिहावं लागलं म्हणजे चित्र फसलं, असं जाणकार सांगतात. जाणकार रात्री नऊ वाजता ऑफिसात नसतात.

अर्कचित्राचं काम पूर्वी सोपं होतं. कोणाची टोपी तिरकी, कोणाचं नाक लांब, कोणाच्या तोंडात पाइप. आताचे सगळे एकाच शिंप्याकडचं जाकीट घालतात आणि एकाच न्हाव्याकडून दाढी कोरून घेतात. म्हणून फोटोवरून चेहरा उतरवू नका. सभेला जा, आणि साहेब बोलत असताना नव्हे, दुसरा बोलत असताना साहेबांकडे बघा. माइकसमोर सगळे सारखेच दिसतात. पण प्रतिस्पर्ध्याला टाळ्या पडत असताना मान कुठे वळते, हार गळ्यात पडताना हात किती वर जातात, शेजारच्याच्या कानात बोलताना तोंडावर कोणता हात येतो, ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता. ती उचलली की नाक नेमकं नाही आलं तरी वाचक ओळखतो. साहेबही ओळखतात.

दिनक्रम साधा आहे. सकाळी सगळे पेपर वाचावेत. पहिली कल्पना चहा संपायच्या आत सुचेल. ती टाकून द्या, कारण ती त्याच वेळी इतर सगळ्या व्यंगचित्रकारांना सुचलेली असते. दुसरीही टाका, ती संपादकांना सुचणार आहे. त्यानंतर काही सुचत नाही. संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या या अवस्थेला काम म्हणतात. बाहेरून ते खिडकीबाहेर बघण्यासारखं दिसतं, आणि कचेरीतल्या लोकांचा त्यावरून गैरसमज होतो. त्यांच्यासाठी टेबलावर एखादा जाड अहवाल उघडा ठेवावा.

घाईला मात्र नावं ठेवू नका. लक्ष्मण आधी चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी गर्दी काढत. रोज एवढी माणसं काढायला वेळ पुरेना, म्हणून ती एकेक करून गळत गेली आणि शेवटी धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला एकटाच उरला. 'यू सेड इट' हे त्यांचं व्यंगचित्रांचं सदर १९५१ साली सुरू झालं, आणि हा गृहस्थ पुढे अर्धं शतक त्यात उभा राहून एक अक्षर बोलला नाही. देशाचा सामान्य माणूस डेडलाइनच्या पोटी जन्मला.

डेडलाइनची दुसरी बाजू २३ नोव्हेंबर २०१९ ला दिसली. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असे मथळे घेऊन पेपर दारात पडले आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे झाले. ते सरकार २६ तारखेला गेलं. अशा दिवसांसाठीच आधी खुर्ची काढायला सांगितली. माणूस शक्यतो पेन्सिलीने काढावा.

आता भावना. त्या दुखावतात, आणि कधी दुखावतील हे सांगता येत नाही. १९४९ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू काढले. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या त्या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला तो २०१२ मध्ये. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन कोणी करू नये. पण काढणाऱ्याला घटनेचा उशीर दिसला होता आणि त्रेसष्ट वर्षांनी बघणाऱ्याला आधी चाबूक दिसला. माझ्या मते दोघांनीही चित्र नीटच वाचलं. तेव्हा चाबूक कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या पाठीकडे वळलाय, हे शाई लावण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासा.

रागापेक्षा कौतुक वाईट. 'मलाही सोडू नका' असं नेहरूंनी त्याच शंकरना सांगितलं होतं. ते नेहरू होते. हल्लीचे मंत्री मूळ चित्र मागवून घेतात, फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात आणि पाहुण्यांना हसून दाखवतात. असा फोन आला की चित्र कुठे बोथट राहिलं ते शोधावं. (मूळ चित्र द्यावंच. फ्रेमचे पैसे ते देतात.)

या धंद्यात बढती नसते. एक अपवाद आहे. फ्री प्रेस जर्नलमध्ये लक्ष्मण यांच्याबरोबर काम केलेल्या बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे साप्ताहिक काढलं आणि १९६६ मध्ये शिवसेना. पुढे इतर व्यंगचित्रकार त्यांनाच काढू लागले. बढती म्हणतात ती हीच.

शेवटी छंद. तो असावाच, नाहीतर माणूस सुट्टीच्या दिवशीही खुर्च्याच काढतो. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर पुण्यात चौकात उभे राहून वाहनचालकांना नियम पाळायची विनंती करत, पण इतकी जोखीम नवशिक्यांनी घेऊ नये. लक्ष्मण कावळे काढत. हे सर्वांत सुरक्षित. कावळ्याला नाक मोठं करून लागत नाही, रंग काळाच असल्याने शाई उरते, आणि त्याच्या वतीने निवेदन घेऊन कोणी कचेरीवर येत नाही. पितृपक्षाचे दिवस तेवढे सोडावेत. तेव्हा तो कोणाचा तरी आजोबा असतो, आणि आजोबा कोणत्या पक्षाचे होते हे आधी विचारून घेतलेलं बरं.