धुळे ते जळगाव, व्हाया काजळी

(धुळ्याहून निघालेली एसटी. फागणं मागे पडलंय. मागच्या सीटवर पन्नाशीचा धूरवाला, मांडीवर डासांचं धूर सोडायचं मशीन, नळीचं तोंड खिडकीकडे. शेजारी इंजिनिअरिंगचा पोरगा, म्हणजे डिझायनर. कंडक्टर तिकिटं देत मागे येतो.)

कंडक्टर : हाऊ काय शे? बंदूक?

धूरवाला : फॉगिंग मशीन, साहेब. जळगावला दुरुस्तीला नेतोय.

कंडक्टर : टाकीत पेट्रोल असेल तर मुकटीला उतरवीन.

धूरवाला : थेंब नाही. परवाच ठेकेदाराने... म्हणजे, परवाच संपलं.

कंडक्टर : लगेजचं तिकीट पडेल.

धूरवाला : पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे ना? हिचा खोकला ऐका एकदा.

डिझायनर : काका, बिघाड काय आहे?

धूरवाला : दोन मिनिटं नीट चालते, मग धुराऐवजी जाळ काढते. मागे एकाच्या दारावरचं तोरण गेलं. वास्तुशांतीचं होतं.

डिझायनर : (हरखून) काजळी! काका, माझा प्रोजेक्टच हा आहे. 'हातात धरायच्या फॉगरची सुलभ साफसफाईच्या दृष्टीने फेररचना.'

धूरवाला : एवढं नाव वाचेपर्यंत डास चावून जाईल.

डिझायनर : हे बघा, आत पेट्रोल आणि हवेचे सेकंदाला ८०-१०० बार होतात. तापलेला वायू या लांब नळीतून सुटतो. तोंडाजवळ बारीक छिद्रातून औषध आत येतं, उष्णतेने त्याची वाफ होते आणि बाहेरची गार हवा लागली की वाफेचे बारीक थेंब होतात. बहुतेक ५० मायक्रॉनच्या आतले. त्यालाच आपण धूर म्हणतो. १९४४ साली जर्मनीने लंडनवर व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडले, त्यांचं इंजिन याच तत्त्वावर चालायचं.

धूरवाला : तरीच माझा डावा कान गेला. लंडनवाल्यांना निदान लपायला तळघरं होती, मला खांद्यावर पट्टा.

डिझायनर : छिद्राशी काजळी बसली की थेंब मोठे पडतात. त्यांची वाफ होत नाही, ते नळीच्या तोंडाशी ठिबकतात आणि पेटतात. म्हणून रोज साफ करायचं. करता?

धूरवाला : भाऊ, काम संपतं तेव्हा ही लालबुंद. हात लावला तर कातडी तिला चिकटते. गार होते तेव्हा मी घरी जेवायला बसलेलो असतो आणि काजळी दगड झालेली असते. साफ कधी करू, ते तुझ्या वहीत लिहिलंय का?

डिझायनर : (लिहून घेत) नाही. पण बंद करताना आधी औषधाची तोटी बंद करून इंजिन मिनिटभर चालू ठेवलं, तर आतलं सगळं निघून जातं.

धूरवाला : माहितीये. कर तू. तोटी बंद केली की धूर थांबतो, नुसती फडफड. समोरची बाई ओट्यावर येते : "आमच्याच दारात बरं संपलं तुमचं औषध!"

डिझायनर : शिवाय ही जाळी काढायला चार स्क्रू आणि दोन मापांचे पाने लागतात. ज्याने काढलंय हे, त्याने स्वतः कधी उघडलं नसणार.

कंडक्टर : (जवळच टेकून) एरंडोलकडे माझी दोन एकर केळी आहे. ठिबकवर. ड्रीपरमध्ये क्षार बसतात, तर आम्ही काय दर आठवड्याला ड्रीपर खोलत बसतो? लॅटरलचं शेवटचं टोपण काढायचं, पाणी जोरात सोडायचं, घाण आपोआप बाहेर. लईच तुंबलं तर अ‍ॅसिड. कंपनीला माहितीये, शेतकरी आळशी आहे. तुझ्या मशीनवाल्याला माणूस मेहनती वाटला, तिथंच फसला.

डिझायनर : (उभा राहतो, टपाला डोकं लागतं) बरोबर! एक छोटी दुसरी टाकी. तोटी 'बंद'कडे फिरवली की आधी आपोआप साधं रॉकेल आत. नळी तापलेली असतानाच धुतली जाईल, हात लावायलाच नको. छिद्राची नळी हाताने फिरवून निघेल अशी. पाना नको, स्क्रू नको.

धूरवाला : रॉकेल आता रेशनवर तरी कुठे मिळतं? आणि घरात पायरेथ्रम मारायचं तर एक भाग औषधाला एकोणीस भाग रॉकेल, ते तर आधीच मोजून देतात. तुझी दुसरी टाकी बघितली की ठेकेदार पहिली अर्धी करील.

डिझायनर : मग डिझेल. बाहेर मॅलेथिऑन डिझेलमधूनच मारता ना? तेच धुवायला वापरू.

धूरवाला : चालेल. पण एक सांगू? नुसत्या डिझेलचा धूर कसा निघेल?

डिझायनर : पांढरा. दाट.

धूरवाला : आणि औषधाचा?

डिझायनर : पांढरा... दाट.

धूरवाला : (समाधानाने मागे टेकून) बठ्ठं समजलं माले. नळी धुवायची ती नगरसेवकाच्या दारात. मशीन साफ, साहेब खूश, फोटोत धूर झकास. औषध तेवढं वाचतं.

डिझायनर : अहो, डास?

धूरवाला : डास धुराला कुठे घाबरतो? आम्ही निघतो संध्याकाळी, डेंग्यूचा डास चावतो दिवसा. त्याची पिल्लं असतात कूलरच्या पाण्यात. उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, नळाला पाणी यायला दिवसच्या दिवस, म्हणजे घरोघरी ड्रम भरलेले. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. धुराने उडणारा मरतो, ड्रममधला पोहत राहतो. मी म्हणतो, "ताई, ड्रम एकदा घासून कोरडा करा." ताई म्हणते, "पाणी काय तुम्ही आणून देणार? तुम्ही धूर मारा."

कंडक्टर : खरंय. धूर दिसतो. घासलेला ड्रम कोणाला दिसतो?

डिझायनर : (विचार करून) मग धुवायच्या डिझेलमध्ये रंग घालू. लाल धूर म्हणजे साफसफाई, पांढरा म्हणजे औषध. फसवायला जागाच नाही.

धूरवाला : अरे बाबा! पहिल्याच दिवशी मोर्चा येईल : "त्या गल्लीत लाल औषध, आमच्याकडे साधं का?"

कंडक्टर : पोरा, लाल एकटा नको ठेवू. भगवा, हिरवा, निळा, सगळ्यांच्या बाटल्या ठेव. आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे, मी पहिलं गिऱ्हाईक. आणि बाबा, लगेजचे सुट्टे काढा, पारोळा आलं.