शेवटकरी

सिनेमा संपल्यावर खुर्चीखाली पायाने चप्पल चाचपतो तो प्रेक्षक. पडद्यावर नावं सरकत असताना जो हाताची घडी घालून बसून राहतो आणि दिवे लागल्यावर 'हा शेवट नव्हेच' असं जाहीर करतो, तो शेवटकरी. त्याला नुसतं चाहता म्हणून भागत नाही. चाहत्याला नट आवडतो, गाणी आवडतात, फार तर नटाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून तो मोकळा होतो. शेवटकऱ्याला फक्त शेवटची दोन मिनिटं लागतात; आधीचे दोन तास ही त्या दोन मिनिटांची कागदपत्रं. शेतकरी या शब्दाशी जुळलेलं यमक मुद्दाम जुळवलेलं आहे. या माणसाला कुणी रिकामटेकडा म्हणतं, कुणी भांडखोर. माझं म्हणणं असं की तो कूळ आहे. सिनेमाच्या शेवटावर त्याची वहिवाट आहे, ती जमीन तो कसतो, आणि कसेल त्याची जमीन हे निदान महाराष्ट्रात तरी कुणाला समजावून सांगायला नको.

हे पीक विज्ञानपटांच्या रानात जास्त येतं. रहस्यपटात खुनी सापडला की दावा निकाली. प्रेमपटात अक्षता पडल्या की पुढचं कुणाला बघायचंच नसतं. विज्ञानपटात मात्र नायक माणूस आहे की नाही इथपासून सुरुवात असते. रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हा असल्या कज्ज्यांतला अस्सल मुरलेला कज्जा. सिनेमा अमेरिकेत लागला २५ जून १९८२ रोजी, आणि कथा आहे नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजेलिसची. (तो नोव्हेंबर येऊन गेला. उडत्या मोटारी काही आल्या नाहीत. पण कोण खरा कुणाचा हे ओळखता येईना, अशी परिस्थिती त्या महिन्यात महाराष्ट्रात होती खरी.) माणसासारखे दिसणारे, चार वर्षांचं आयुष्य देऊन कारखान्यात घडवलेले जीव म्हणजे रेप्लिकंट. पळून आलेल्या रेप्लिकंटांना हुडकून मारण्याचं काम हॅरिसन फोर्ड यांच्या डेकार्डकडे आहे. शेवटी तो रेचेलला घेऊन घराबाहेर पडतो. तीही रेप्लिकंट, आणि त्याचा तिच्यावर जीव जडलेला. लिफ्टकडे जाताना तिच्या पायाचा धक्का लागून जमिनीवर काहीतरी कलंडतं. डेकार्ड वाकून ते उचलतो. चकचकीत कागदाच्या घड्या घालून केलेला, चिमटीत मावेल एवढा एकशिंगी घोडा. गॅफ नावाच्या त्याच्या जोडीदार पोलिसाला हाताला लागेल त्याच्या बाहुल्या करत बसायची खोड आहे. म्हणजे गॅफ दारापर्यंत येऊन गेला. डेकार्ड घोड्याकडे बघतो, किंचित मान डोलावतो, लिफ्टचं दार लागतं.

त्या मान डोलावण्यावर चाळीस वर्षं झाली, नांगरट चालू आहे. एक पक्ष म्हणतो, डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट आहे. या पक्षाचा पुरावा तसा बिनतोड. पियानोपाशी पेंगलेल्या डेकार्डच्या डोळ्यांसमोर काही सेकंद एक एकशिंगी घोडा दौडत येतो. ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही. मग गॅफला कसं कळलं? रेचेलच्या लहानपणीच्या आठवणी डेकार्डला जशा कळल्या होत्या, तसंच: आठवणी तिच्या नव्हत्याच, बसवलेल्या होत्या, आणि बसवलेल्या आठवणींची नोंद असते. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, घोडा म्हणजे 'मी येऊन गेलो, तुला सोडून दिलं' एवढीच चिठ्ठी. शिवाय १९८२ साली लोकांनी जो सिनेमा पाहिला त्यात कागदी घोडा होता आणि स्वप्न नव्हतंच. ते आलं १९९२ च्या आवृत्तीत. मग दहा वर्षं तो घोडा कशाचा पुरावा होता? आपल्या नैयायिकांनी जगात नसलेल्या वस्तूचा नमुना म्हणून सशाचं शिंग पुढे केलं आणि त्यावर मनसोक्त वाद घातला. शेवटकऱ्यांनी शिंग घोड्याच्या डोक्यावर बसवलं, इतकाच फरक.

आता कसणं म्हणजे काय, ते जरा जवळून बघायला हवं, कारण दाव्याची सगळी मदार त्यावर आहे. 'मी ब्लेड रनर पाहिला' असं कुणी म्हणालं की शेवटकरी विचारतो, 'कुठला?' हा प्रश्न तो शिष्टपणाने विचारत नाही. या सिनेमाच्या सात आवृत्त्या लोकांना दाखवल्या गेल्या आहेत, आणि कुठल्या आवृत्तीत कुठलं वाक्य आहे हे माहीत नसलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे गट नंबर न विचारता बांधावरून भांडणं. त्याच्या कष्टाचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे सहाव्या रेप्लिकंटाचा हिशेब. मूळ सिनेमात पोलीसप्रमुख ब्रायंट सांगतो की सहा पळाले आणि एक विजेच्या झटक्याने गेला. राहिले पाच. पडद्यावर मात्र चारच भेटतात: लिऑन, झोरा, प्रिस आणि रॉय बॅटी. मग पाचवा कुठे? शेवटकऱ्याने रात्र रात्र जागून उत्तर काढलं: पाचवा डेकार्ड! त्याला पकडून, आठवणी पुसून, उलट आपल्याच भावंडांच्या मागावर सोडलेलं आहे. सिद्धान्त देखणा आहे. खरी गोष्ट अशी की पटकथेत मेरी नावाची आणखी एक रेप्लिकंट होती, तिचं काम कापलं गेलं, आणि ब्रायंटच्या तोंडचा आकडा तेवढा बदलायचा राहिला. २००७ च्या अखेरच्या आवृत्तीत तो दुरुस्त करून दोघे मेले असं केलं. शेवटकऱ्याने यावर काय म्हणावं? दप्तरात खाडाखोड झाली! तलाठ्याने मागाहून आकडा बदलला म्हणून मूळ नोंद खोटी ठरत नाही, ही त्याची भूमिका, आणि गावाकडे जमीन असलेल्या कुठल्याही माणसाला ती पटेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो साधा आहे. सिनेमा ज्याने केला त्याला विचारा की! विचारलं. स्कॉट यांनी २००० साली एका माहितीपटात सांगून टाकलं की डेकार्ड रेप्लिकंट आहे. मालकाचा जबाब झाला, दावा संपायला हवा होता. पण मालक एकच असता तर ना! फोर्ड यांचं म्हणणं वर्षानुवर्षं असं की डेकार्ड माणूसच, कारण ज्याच्यासाठी जीव कासावीस व्हावा असा एक तरी माणूस प्रेक्षकाला पडद्यावर हवा. मग २०२३ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की आपण रेप्लिकंट आहोत हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चर यांनी डेकार्डला माणूस म्हणून लिहिलं आणि शंकेला जागा ठेवली. रॉय बॅटी झालेले रटगर हाउअर डेकार्डला रेप्लिकंट करण्यावर नाराज होते. माणूस आणि यंत्र यांची झुंज होती, ती दोन यंत्रांची झाली तर राहिलं काय? आणि ज्यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून हे सगळं उभं राहिलं ते फिलिप के. डिक सिनेमा लागायच्या आधीच, मार्च १९८२ मध्ये वारले. थोडक्यात, मूळ मालक मयत, वारसांत एकमत नाही, एक वारस चाळीस वर्षांनी जबाब फिरवतो. असल्या जमिनीत पीक कुणी काढायचं? जो रोज बांधावर हजर असतो त्यानेच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रेक्षकालाच शेवटाचा हक्क द्यायचा तर तो १९८२ साली देऊन झाला होता, आणि त्याचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे. डेन्व्हर आणि डॅलस इथे आधी चाचणीचे खेळ केले, लोकांना सिनेमा कळला नाही, मग फोर्ड यांच्या आवाजात निवेदन घातलं आणि लिफ्टच्या दाराला जोडून गोड शेवट चिकटवला. डेकार्ड आणि रेचेल मोटारीतून हिरव्यागार डोंगरांकडे निघालेत, आणि निवेदक सांगतो की रेचेलला चार वर्षांची मुदतच नाही. ते डोंगरही उसने. स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'द शायनिंग'साठी विमानातून घेतलेली आणि वापरात न आलेली दृश्यं ती. (इतका स्वच्छ डोंगर मोटारीच्या टप्प्यात असताना सगळं शहर दोन तास त्या काळ्या पावसात का भिजत बसलं, हा प्रश्न एका पक्षाचा शेवटकरी दुसऱ्या पक्षाच्या शेवटकऱ्याला विचारत नाही. तेवढ्यापुरती त्यांची युती असते.) तेव्हा आक्षेप घेणारा म्हणेल, हेच का तुमचं कूळ? नव्हे. चाचणीच्या खेळाला आलेला माणूस त्या रात्रीचा वाटसरू. तो रान तुडवून गेला, कसून नव्हे. कुळाची ओळख अशी की तो दुसऱ्या दिवशीही येतो. सिनेमा १९८२ मध्ये पडला तेव्हाही हा जागेवरून हलला नाही. बारा वर्षं उघड आणि अखंड कब्जा असला तर परक्यालाही मालकी सांगता येते, असं आपला मुदतीचा कायदा सांगतो. याच्या कब्जाला तशा तीन मुदती उलटून गेल्या.

आणि पीक आलंच नाही असंही नाही. १९९० साली लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात चुकून सिनेमाची जुनी कच्ची प्रत लागली. गोड शेवट नाही, निवेदन जवळजवळ नाही. पुढच्या वर्षी तीच प्रत लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मुद्दाम लावली तर गर्दी लोटली. त्या गर्दीकडे बघून स्टुडिओने १९९२ मध्ये दिग्दर्शकाची म्हणून नवी आवृत्ती काढली. डोंगर गेले, निवेदन गेलं, घोडा दौडत आला, सिनेमा लिफ्टच्या दारापाशी थांबला. म्हणजे शेवट बदलला तो कुळांनी. आणि यात खंड थकवलाय म्हणावं तर तेही नाही. व्हिडिओ कॅसेट, लेझरडिस्क, डीव्हीडी, प्रत्येक माध्यमात त्याने तोच सिनेमा पुन्हा विकत घेतला. २००७ मध्ये पाच आवृत्त्यांचा संच एका ब्रीफकेसमध्ये घालून विकला, आणि त्यात कागदी घोड्याची चंदेरी प्रतिकृतीही ठेवली. ज्या वस्तूवरून वाद, तीच वस्तू वादकाला विकायची! सावकारीत इतकी कल्पकता आमच्याकडेही दिसली नव्हती.

राहिला तिसरा आक्षेप, की या माणसाला सिनेमा नको असतो, जिंकायचं असतं. असेलही काहींचं. 'स्टार वॉर्स'चा 'द लास्ट जेडाय' २०१७ मध्ये लागला तेव्हा तो अधिकृत कथेतून रद्दच करा, असा अर्ज लोकांनी सह्यांनिशी फिरवला. ते शेवटकरी नव्हेत. त्यांना जमीन कसायची नसते, ती एनए करून वर आपला बंगला बांधायचा असतो. अस्सल शेवटकरी ओळखायचा तर तो हरतो तेव्हा बघावा. एखाद्याने डेकार्ड माणूस आहे हे बिनतोड सिद्ध केलं, की त्याचा चेहरा उतरत नाही, खुलतो. लगेच तो म्हणतो, 'बरं, माणूस आहे असं धरू. मग स्वयंपाकघरातल्या प्रसंगात त्याचे डोळे का चमकतात?' डोळे चमकणं ही सिनेमात रेप्लिकंटांची खूण, आणि रेचेलच्या मागे उभा असताना डेकार्डच्या डोळ्यांतही तांबूस झाक येते, हे खरं आहे. समोरचा म्हणतो, दिव्याची तिरीप. हा म्हणतो, तिरीप कुणी टाकली? समोरचा म्हणतो, रेप्लिकंट असता तर रॉय बॅटीच्या हातून इतका मार खाल्ला असता का? हा म्हणतो, कमी ताकदीचा बनवला असेल. चहा गार होतो. दोघांतल्या कुणालाही निकाल नको असतो, कारण निकाल लागला की रान पडीक.

स्टुडिओला हे उमगलं असावं. २०१७ मध्ये डेनी व्हिलनव यांनी 'ब्लेड रनर २०४९' काढला. त्यात डेकार्ड म्हातारा झालाय आणि लास वेगासच्या ओसाड अवशेषांत एकटा राहतोय. पस्तीस वर्षांनी प्रश्नाचा निकाल लावण्याची याहून चांगली संधी नव्हती. व्हिलनव यांनी तो लावला नाही. खलनायक डेकार्डला तोंडावर सांगतो की रेचेलच्या प्रेमात पडावं म्हणूनच तुला घडवलं असेल, अर्थात घडवला असेल तर. आणि विषय तिथेच सोडून देतो. वर आणखी एक तुकडा मोकळा करून दिला. म्हाताऱ्या डेकार्डजवळ एक कुत्रा आहे. खरी जनावरं त्या जगात जवळजवळ उरलेली नाहीत, म्हणून त्याला शोधत आलेला तरुण विचारतो, हा खरा आहे का? डेकार्ड म्हणतो, त्यालाच विचार. तरुणाने काही विचारलं नाही. शेवटकऱ्याने मात्र कुत्र्याच्या जबानीचं काम हाती घेतलंय, आणि आजवरच्या माहितीप्रमाणे तो कुठल्याही प्रश्नावर शेपूट हलवतो, जे दोन्ही पक्षांना आपल्या बाजूचं वाटतं.