जोडीदार बदलून मिळणार नाही

मॉर्मन पंथाची पोरं धर्मप्रचाराला निघतात तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या हातात नसतात: गाव आणि जोडीदार. गाव सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून ठरून येतं. जोडीदार पोचल्यावर पदरात पडतो. मग पोरांनी दोन वर्षं आणि पोरींनी दीड वर्ष परक्या मुलखात दारोदार फिरायचं. सकाळी साडेसहाला उठायचं, एका घरात राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र चालायचं. जोडीदार नजरेआड होता कामा नये. न्हाणीघर हा काय तो अपवाद. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, त्यात जोडीदार बदलू शकतो. बदलेलच असं नाही. ही व्यवस्था ज्याने काढली त्याने आपल्याकडची ठरवून केलेली लग्नं लांबून का होईना, पाहिली असणार.

आमच्या संपादकांनी मात्र ती जवळून पाहिली आहेत. कोल्हापूरच्या जुन्या अमेरिकन मिशनवर लेख लिहायला त्यांनी मला पाठवलं आणि वर सांगितलं, ‘‘फोटोग्राफर तिथलाच आहे. दोघं बरोबरच राहा. नाहीतर तुमचा मजकूर एकीकडे आणि त्याचे फोटो भलतीकडे.’’ मी विचारलं, माणूस कसा आहे? ते म्हणाले, फोटो चांगले काढतो. स्थळाबद्दल इतपतच माहिती मिळाली की जाणत्यांना पुढचं कळतं.

पहाटेच्या बसमधून कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तर समोर मोटरसायकलवर एक तिशीचा धिप्पाड गडी. गळ्यात कॅमेरा, पाठीवर बॅग, टाकीवर आणखी एक बॅग. म्हणजे माझी बॅग माझ्याच मांडीवर येणार हे उघड होतं. ‘‘सर, बसा.’’ मी म्हटलं, आधी लॉजवर जाऊ, आंघोळ करू, चहा घेऊ, मग कार्यक्रम आखू. ‘‘बसा तर खरं,’’ तो म्हणाला आणि गाडी सुटली. कोल्हापुरात कार्यक्रम आखत नाहीत, त्यात बसतात.

पापाची तिकटी ओलांडून गाडी थांबली ती गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. चर्च नाही, मिशन नाही, समोर म्हशी. धार काढणाऱ्याने चरवी तिरकी धरली आणि फेसाळता पेला माझ्या हातात आला. कोमट. मी आयुष्यात दूध प्यालो ते पिशवीतलं, तापवलेलं, साय काढलेलं. माझं पोट नाजूक आहे असं मी सांगू लागलो, तर शेजारच्या आजोबांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हशीवाल्याला म्हणाले, ‘‘त्यांना अजून एक दे.’’ इथे नाजूक पोट हा आजार, आणि औषध तेच. दुसरा पेला संपेपर्यंत फोटोग्राफरने म्हशीचे चाळीसेक फोटो काढले होते. समोरून, बाजूने, डोळ्याजवळून. मिशनच्या लेखात म्हैस कुठे बसवायची, असं मी विचारलं. ‘‘बसंल की,’’ तो म्हणाला.

आता थोडं लेखाबद्दल, कारण त्याच कामासाठी प्रवासखर्च मिळाला होता. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. छावणीच्या आसऱ्याने मूठभर मंडळी जमली, पण लष्करी अधिकाऱ्यांना ते रुचेना. मदतीला पुढे त्याचा सख्खा भाऊ येऊन मिळाला. म्हणजे जोडीदार घरचाच. भांडण तरी ओळखीचं. तरीही दशक संपायच्या आत मिशन गुंडाळलं गेलं. नेमक्या त्याच 1852 साली रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन पाद्री नगरकडून कोल्हापुरात आला. हा मॉर्मन नव्हे, अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा माणूस. याचं मिशन मात्र टिकलं, रुजलं, शाळा-दवाखाने उभे करून बसलं.

हे सगळं मी मागच्या सीटवरून, वाऱ्याच्या विरुद्ध, ओरडून सांगत होतो. वायल्डरला शाळा काढायच्या होत्या. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले आणि धोरण ठरलं की शाळांवरचा, विशेषतः इंग्रजी शाळांवरचा, भार कमी करा, प्रवचनं वाढवा. वायल्डरचं आणि बोर्डाचं फाटलं.

‘‘म्हंजे हेड ऑफिसशी वाजलं,’’ फोटोग्राफर मान मागे वळवून म्हणाला. गाडी चालवताना तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ही त्याची सभ्यता आहे आणि माझा रक्तदाब.

‘‘पुढे बघ! हो, वाजलं. मग 1861 साली तो परत आला तो बोर्डाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर. नऊ वर्षं एकट्याने मिशन चालवलं आणि 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या हवाली केलं.’’

‘‘बरोबर केलं. नडायचं म्हंजे नडायचं.’’

वायल्डर मेमोरियल चर्चपाशी पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मी वहीत टिपणं घेतली. फोटोग्राफरने गाडीवर बसल्या बसल्या एक डोळा मिटून इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘उजेड न्हाई.’’ डोक्यावर ऊन तापत होतं. ‘‘हा उजेड न्हवं सर, ही भट्टी हाय. सकाळचा पायजे.’’ आत्ताच तर सकाळ होती, तेव्हा तू म्हशीचे फोटो काढत होतास, असं मी म्हटलं नाही. नव्या जोडीदाराशी पहिल्या दिवशी भांडू नये, असं सगळेच सांगतात. दुसऱ्या दिवशी काय करावं हे कोणी सांगत नाही.

त्याऐवजी मिसळ खायला गेलो. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाच्या लाद्या नसून ब्रेडचे स्लाइस येतात, आणि कट मागावा लागत नाही, तो थांबवावा लागतो. मला दोन्ही गोष्टी नवीन. तिथे मी रॉबर्टची गोष्ट काढली, ही माझी तिखटावरची उपाययोजना होती. बोलत राहिलं की घास कमी जातात. वायल्डरचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत शिकला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, त्यात शंभर जणांनी परदेशी मिशनवर जायची तयारी दाखवली. त्यामागे हा रॉबर्ट होता. मग तो आणि जॉन फोरमन असे दोघे कॉलेजं पालथी घालत फिरले. फोरमन लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा. दोन हजारांवर तरुण-तरुणींनी त्या दौऱ्यात नावं दिली, आणि त्यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली तिने पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतून जगभर मिशनरी धाडले.

फोटोग्राफरचा घास हातात राहिला. ‘‘कोल्हापूरचा आन् लाहोरचा? अमेरिकेत जोडीनं?’’

‘‘जोडीनं.’’

‘‘भांडणं झाली न्हाईत?’’

‘‘तशी नोंद वाचली नाही.’’

‘‘मग आपला रॉबर्ट समजूतदार असणार.’’

‘आपला’ झाला तो तिथून. दुपारपर्यंत ही बातमी मी सांगितलेल्या आकाराची राहिली नाही. पानपट्टीवर रॉबर्ट ‘हितंच पलीकडं राहायला’ होता. चहाच्या गाड्यावर त्याने ‘अमेरिका हलवून सोडली’. खासबाग मैदानापाशी एका वस्तादांना सांगताना मी मध्ये पडलो, कारण गोष्ट कुस्तीच्या दिशेने निघाली होती आणि खासबाग शाहू महाराजांनी बांधून घेतलं ते 1912 साली, तोवर रॉबर्ट गाव सोडून जमाना झाला होता. वस्ताद म्हणाले, ‘‘ते असू दे. पर दूध हितलंच की.’’ एवढं बोलून ते आखाड्याकडे वळले. यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ज्या धर्मासाठी रॉबर्ट जन्मभर फिरला त्याच्याशी यांपैकी कोणाचंच देणंघेणं नव्हतं. गावाचा पोरगा बाहेर जाऊन गाजला, विषय संपला.

रात्री लॉजवर एक खोली, दोन खाटा. तो घोरेल अशी माझी तयारी होती. तो घोरला नाही, तो फोनवर बोलला. लग्नसराई होती. वधूपक्ष साडेअकरापर्यंत, वरपक्ष पुढे. ‘अल्बम कसला?’, ‘ड्रोन पायजे का?’, ‘नवरी रडताना घ्यायची का नको?’ असे प्रश्न छताखाली घिरट्या घालत होते. पंखा पाचवर ठेवायचा की दोनवर, यावर आम्ही तीनवर तडजोड केली. पाहिलं तर तो तीनवर थांबतच नव्हता, दोनवरून थेट चारवर उडी मारायचा.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. तिथेही मिशनचं ठाणं होतं, म्हणून जाणं भाग. पंचगंगा ओलांडली, केर्ली मागे पडली, आणि गाडी अचानक डावीकडे एका गावात शिरली. मांडव, लाउडस्पीकर, अक्षता.

‘‘हे काय?’’

‘‘अर्ध्या तासाचं काम हाय. तुमीच म्हणालात न्हवं, जोडीदाराला सोडायचं न्हाई.’’

मॉर्मनांचा नियम मीच आदल्या रात्री त्याला कौतुकाने सांगितला होता, तो एवढा लक्ष देऊन ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. त्याचा पोऱ्या आला नव्हता. त्यामुळे लांब दांड्यावरचा एलईडी दिवा माझ्या हातात आला. ‘‘काका, वर! अजून वर! मामांच्या डोक्यावर सावली पडतीया!’’ सरांचा काका झालो तो या मांडवात, बढती की बदली ते ठरवायला वेळ नव्हता. मुहूर्ताला दिवा खाली येता कामा नये. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना मात्र घाई नव्हती. प्रत्येकाला आपलं एक म्हणायचंच होतं, आणि नवरीच्या आत्याने तर दोन म्हटली. हात भरून आले. कोणीतरी विचारलं, हे कोण? फोटोग्राफर कॅमेऱ्याआडून म्हणाला, ‘‘पुण्याहून बोलिवल्यात, लाइटसाठी.’’ त्यानंतर माझ्याकडे बघण्याची मांडवाची नजर बदलली. पुण्याहून लाइटवाला बोलावण्याची ऐपत असलेलं लग्न म्हणून वरपिता दोनदा मला भेटून गेले, आणि पंगतीत माझ्या पानावर बुंदी वाढणारा हात मागे हटायला तयार होईना.

अर्धा तास दुपारी तीनला संपला.

पन्हाळ्यावर पोचलो तेव्हा धुकं असं उतरलं होतं की तीन दरवाजातला एकही दिसेना. मी वहीत ‘मिशनरी इथे का येत असावेत’ असं लिहून पुढे ‘हवा’ एवढंच लिहिलं. झुणका-भाकरीवाल्या मावशींना त्याने तोवर आपल्या रॉबर्टची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘‘आईबाप शेवटाला कुठं हुतं मग? पोराजवळ का हितं?’’ वायल्डर पती-पत्नी 1870 च्या दशकात अमेरिकेला परतले, तिथे वायल्डरने 1878 साली मिशनविषयक मासिक काढलं आणि 1887 मध्ये तो वारला, हे मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘‘एवढी वर्सं काढून परत गेला? आमाला सांगून तर जायाचं.’’ दीडशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्याचं हे उणं तिथल्या तिथे नोंदवून त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

शेवटच्या दिवशी कोणीतरी मला गदागदा हलवून उठवलं. साडेसहा. मॉर्मन पोरांची वेळ. ‘‘काका, उजेड आलाय.’’ चहा नाही, तोंड धुणं जेमतेम. चर्चपाशी गेलो. तो दहा मिनिटं काहीच न बोलता या टोकाहून त्या टोकाला फिरला, एकदा गुडघ्यावर बसला, एकदा कुंपणावर चढला, आणि एकूण तीनच फोटो काढले. पडद्यावर दाखवले. मी आदल्या वेळी त्या इमारतीसमोर तासभर उभा होतो, पानभर वर्णन लिहिलं होतं. त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथे खोडलं. म्हशीचे चाळीस कशाला आणि याचे तीनच का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘म्हस हलती.’’

स्टँडवर संपादकांचा निरोप आला: तसाच रत्नागिरीला जा, तिथेही मिशन होतं, तिकडचा फोटोग्राफर ठरवला आहे. मी खिडकीत बसलो. जोडीदार खाली उभा राहून फोनवर बोलत होता, आणि मला वाटलं आणखी एखादी नवरी असेल. पण त्याने एक हात माझ्या खिडकीवर ठेवला होता आणि आवाज थोडा उतरवला होता.

‘‘व्हय, बसवलंय गाडीत. पोचतील चारपर्यंत. मानूस चांगला हाय, पर ऐक. पयला चहा झाल्याबिगर त्यास्नी काय इचारू नगंस. गाडी चाळीसच्या वर गेली की खांदा धरत्यात, लई जोरात धरत्यात. तिखट झेपत न्हाई, पर कबूल करत न्हाईत, बोलत बसत्यात. तवा ताटात दही सरकव. साल सांगाय लागलं की नुसतं हूं म्हण, आपोआप थांबत्यात. रात्री पंखा तीनवर मागतील. आन् काय?’’ त्याने वर माझ्याकडे पाहिलं, हात हलवला आणि फोनमध्ये म्हणाला, ‘‘दिवा झकास धरत्यात. तुझं काय लगीनबिगीन असंल तर बघ.’’